बाटली, बोंडले आणि कामावर निघालेली आई

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची बुद्धवंदना आटोपली होती. पुरुष मंडळी जयंतीच्या वर्गणीचा हिशोब करीत एका बाजूला बसली होती आणि आम्ही महिला मंडळाच्या भगिनी विहारातील सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात आमच्याच गल्लीतील एक सून भिंतीला टेकून उभी असलेली दिसली. तोंड उतरलेले, डोळे लाल, पदर छातीशी घट्ट धरलेला. हात लावून पाहिला तर अंगात ताप.

"काय गं, काय झालं?" मी विचारले.

"ताई, सोमवारपासून कामावर बोलावलंय. बाळ बाटलीला तोंड लावत नाही. दोन दिवस झाले पाजलं नाही, माझ्या छातीत नुसते दगड झालेत," एवढे बोलून ती रडू लागली.

बाळ तीन महिन्यांचे. पहिलेच. ती एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगचे काम करते. ठेकेदाराने निरोप धाडला होता की सोमवारी आली नाहीस तर दुसरी बाई घेतो. नवरा रोजंदारीवर. म्हणून घरात ठरले की बाळाला बाटलीची सवय लावायची आणि ती एकदम लावायची. सासूबाईंनी जुन्या रीतीप्रमाणे सुनेच्या स्तनाला कडुनिंबाचा पाला वाटून लावला. नवऱ्याने रस्त्यावरच्या दुकानातून बाटली आणली. बाळाने दोन दिवस आकांत केला. तीन महिन्यांच्या जिवाला काय कळणार की आईला सोमवारी कारखान्यात जायचे आहे!

भगिनींनो, ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या वस्त्यांतून कोणी धुणीभांडी करते, कोणी इमारतीच्या कामावर जाते, कोणी कंपनीत, कोणी दुकानात, कोणी माझ्यासारखी टेबलावर बसून कारकुनी करते. दीड-दोन महिन्यांचे, तीन महिन्यांचे बाळ घरी टाकून निघावे लागणे हे आपल्या घरोघर घडते. म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेतला आहे. बाळाला अंगावरून वरच्या दुधाकडे न्यायचे तर कसे न्यावे, किती न्यावे, आणि खरेच न्यावे लागते का?

माझीच चूक आधी सांगते

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःच्या घरचे सांगावे, हे बरे. माझी थोरली मुलगी 2005 सालची. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा मिळायची ती 12 आठवडे. मी पोटात बाळ असताना शेवटचे काही दिवस घरी राहिले, त्यामुळे बाळंतपणानंतर हाती उरली ती जेमतेम अडीच महिन्यांची रजा. मी पतपेढीत कारकून. रजा संपायच्या आदल्या रात्रीपर्यंत मुलीला अंगावर पाजले आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली. पावडरच्या दुधाचा डबा आणला. तो किती लवकर संपतो हे पाहून छातीत धडकी भरली. मग मी काय केले? डब्यावर पाच चमचे लिहिले होते तिथे तीन टाकू लागले. दूध पांढरे दिसत होते, मुलगी पीत होती, पोट भरल्यासारखी झोपत होती. मला वाटले, चालले आहे.

पाचव्या महिन्यात तिला जुलाब लागले. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. सरकारी दवाखान्यात चार दिवस ठेवावे लागले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवून विचारले, दूध कसे बनवता ते दाखवा. मी दाखवले. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी वजनाचा कागद माझ्यापुढे ठेवला. दोन महिन्यांत मुलीचे वजन जवळपास वाढलेच नव्हते.

मी बी.कॉम. झालेली बाई. दिवसभर लोकांच्या खात्यात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नव्हते, आणि माझ्याच लेकीच्या बाटलीत रोज दोन-दोन चमचे कमी टाकत होते. बाटली नीट उकळतही नव्हते, कारण सकाळी पाण्याची वेळ आणि लोकलची वेळ एकच. मुलगी वाचली. आज ती नर्सिंग शिकते आहे आणि आईच्या या चुकीवर अधूनमधून मला व्याख्यानही देते. पण ते चार दिवस मी विसरलेले नाही. म्हणून ही हकीकत इथे लिहिते. त्यात लाज कसली?

आधी आईचे दूध, आणि तेही का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आपले सरकारी आरोग्य खाते एकच सांगतात. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे, पहिला चीक टाकून देऊ नये, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर मऊ भात-वरण, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे असे वरचे अन्न सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढे चालू ठेवावे. गुटी, मध, साखरेचे पाणी यातले काहीही लहान बाळाला नको. मध तर एक वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून होणारा विषबाधेचा आजार बाळाच्या जिवावर बेततो.

आईच्या दुधात आजाराशी लढण्याची शक्ती असते, ती कोणत्याही डब्यात नाही. शिवाय ते उकळावे लागत नाही, विकत आणावे लागत नाही. ज्या वस्तीत पाणी दिवसाआड येते, नळाशेजारून गटार वाहते, तिथे बाटलीचे दूध आणि आईचे दूध यांतला फरक हा बाळाच्या जगण्या-मरण्याचा फरक ठरू शकतो. श्रीमंताच्या घरची बाटली आणि आपल्या घरची बाटली सारखी नसते, हे लक्षात घ्यावे.

आता हिशोबही पाहू, कारण तो माझा धंदा आहे. तीन-चार महिन्यांचे बाळ पूर्ण वरच्या दुधावर असेल तर त्याला दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध लागते. त्यासाठी पावडर लागते साधारण 100 ग्रॅम. म्हणजे 400 ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपला. महिन्याला साडेसात डबे. आपल्या दुकानात डब्याची किंमत विचारा, तिला साडेसातने गुणा, आणि तो आकडा घरातल्या पगाराशेजारी मांडून बघा. मग कळेल की गरिबाच्या घरात डब्यात चमचे कमी का पडतात. आई निष्काळजी असते म्हणून नव्हे, डबा परवडत नाही म्हणून.

हे सरकारलाही कळले होते. म्हणूनच 1992 साली बाळाच्या दुधाचे डबे आणि बाटल्या यांच्याबद्दल खास कायदा झाला आणि 2003 मध्ये तो आणखी कडक केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही. कोणी वस्तीत येऊन फुकट डबा देत असेल तर तो उपकार समजू नका. ते कायद्याविरुद्ध आहे.

मग त्या सुनेचे काय झाले?

आधी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले की दूध साचून गाठी झाल्या आहेत, अजून गळू झालेले नाही, पण असेच चालले तर होईल. औषध दिले आणि म्हणाल्या, "आधी पाला धुऊन काढ आणि बाळाला घे. यावरचं मोठं औषध तुझ्या मांडीवर आहे." तिने तिथेच बाकावर बसून बाळाला घेतले. दोन दिवसांचे रडलेले लेकरू असे तुटून पडले की शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्या मला म्हणाल्या, "बाई, आमच्या वेळंला असंच तोडायचे."

मी म्हटले, "मावशी, तुमच्या वेळेला दीड-दोन वर्षांचं झाल्यावर तोडायचे. तीन महिन्यांचं नाही." त्या गप्प झाल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सुनेची नोकरी वाचावी, हाच होता.

यातली पहिली शिकवण अशी की अंगावरचे एकदम तोडू नये. एकदम तोडले की आईला गाठी, ताप, गळू आणि बाळाला उपासमार. सोडायचेच असेल तर एका वेळचे पाजणे कमी करावे, चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, मग दुसऱ्या वेळचे. दुपारचे आधी कमी करावे. पहाटेचे, संध्याकाळचे आणि रात्रीचे मात्र राखावे, कारण रात्री पाजल्याने दूध टिकते. दूध हे विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. उपसाल तितके येते, उपसा थांबला की आटते.

काही घरांत दूध कमी झाले की दृष्ट लागली म्हणतात, मीठ-मोहरी ओवाळतात, गंडा बांधतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांत हे शोभत नाही. दूध कमी येते ते बाळाला कमी वेळा घेतल्याने, बाळाने स्तन नीट तोंडात न धरल्याने, आईच्या काळजीने आणि दमण्याने, किंवा मधल्या वेळात पाणी-गुटी दिल्याने. बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि दर महिन्याला वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे, असे समजावे. वजन अंगणवाडीत फुकट होते. रडते म्हणजे दूध पुरत नाही, असा लगेच निष्कर्ष काढू नये.

बाटलीऐवजी बोंडले

दुसरी गोष्ट. आई कामावर गेली म्हणजे बाटली आलीच पाहिजे असे नाही. आपल्या आजीच्या काळी बोंडले होते, ते आठवते का? चोच असलेली छोटी वाटी. पितळेची असे, कोणाकडे चांदीची, आता स्टीलची मिळते. ते नसेल तर साधी वाटी-चमचा. बोंडले आतून हाताने घासता येते, राखेने किंवा साबणाने लखलखीत होते, उकळत्या पाण्यात टाकता येते. बाटलीच्या तळाला आणि रबरी बुचाच्या भोकात दुधाची साय चिकटून राहते आणि तिथेच जंतू वाढतात. शिवाय बाटलीतून दूध आयते येते, त्यामुळे काही बाळे आईच्या अंगावर ओढण्याचा कंटाळा करू लागतात. बोंडल्याने तसे होत नाही.

त्या मावशींच्या पेटीत जुने बोंडले निघाले! त्यावर त्यांच्याच मुलाने, म्हणजे बाळाच्या बापाने, दूध प्यालेले. ते घासून, दहा मिनिटे उकळून घेतले.

तिसरी गोष्ट अशी की त्यात दूधही आईचेच भरता येते. आईने हात साबणाने धुवावेत, उकळलेली वाटी घ्यावी, अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबावे आणि मग दोन्ही बोटे जवळ आणावीत. बोंडशी पिळू नये. सुरुवातीला चार थेंबच येतात. घाबरू नये, दोन-तीन दिवसांत हात बसतो. काढलेले दूध झाकण घालून ठेवावे. पत्र्याच्या खोलीत, उकाड्यात, चार तासांच्या आत संपवावे. फ्रिजमध्ये, दाराजवळ न ठेवता आतल्या बाजूला, ते चोवीस तास राहते. आपल्या घरी फ्रिज नसेल तर शेजारी असतो. लग्नाकार्यात आपण एकमेकांची भांडी मागतो, मग बाळाच्या वाटीला शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये जागा मागायला कसला संकोच? दूध द्यायच्या वेळी वाटी कोमट पाण्यात ठेवून गरम करावी. गॅसवर उकळू नये.

चौथी गोष्ट, नवी सवय कोणी लावायची? आईने नव्हे. आई समोर असली की बाळाला तिचा वास येतो, मग ते बोंडले कशाला घेईल? आजीने, आजोबांनी, बापाने द्यावे आणि त्या वेळी आईने घराबाहेर जावे. बाळ भुकेने पिसाळल्यावर नाही, तर चुळबुळ करू लागल्यावर द्यावे. अर्धवट बसवून, मानेला आधार देऊन, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवावी आणि त्याला त्याच्या गतीने घेऊ द्यावे. झोपवून तोंडात ओतू नये, ठसका लागतो. पहिल्या दिवशी दोन चमचे घेतले तरी पुष्कळ झाले.

आमच्या या घरी पहिले तीन दिवस बाळाने दूध थुंकले. चौथ्या दिवशी बापाच्या मांडीवर अर्धे बोंडले प्याले. तो गडी संध्याकाळी विहारात येऊन सगळ्यांना असे सांगत होता जणू त्याला बढतीच मिळाली आहे. बंधूंनो, याचा तुम्हीही विचार करावा. बाळाला पाजणे हे आईचे शरीर करते, पण वाटी उकळणे, दूध गरम करणे, मांडीवर घेऊन पाजणे याला कोणत्याही विशेष शरीराची गरज नाही.

पावडरचे दूध द्यावेच लागले तर

काही आयांना अंगावर पाजता येत नाही. कोणाला एखादे औषध चालू असते, कोणी आजारी असते, एखादे लेकरू आईविना असते, कोणी बाळ दत्तक घेतलेले असते. अशा बाईला बोल लावू नये. तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध द्यावे आणि ते नीट द्यावे. सिद्धार्थाला महामायेच्या निधनानंतर महाप्रजापती गौतमीने वाढवले. आपल्या परंपरेत तर सांगतात की तिने स्वतःचे बाळ दाईकडे देऊन सिद्धार्थाला आपले दूध पाजले. बाळाला आपले कोण, हे पोटावरून नव्हे तर संगोपनावरून ठरते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशिया खंडातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचे जास्तीचे दूध दुसऱ्या आईच्या कमी दिवसांच्या, आजारी बाळाला देण्याची ती सोय आहे. तिथे कोणी जात विचारत नाही.

पावडरचे दूध करताना पाणी खळखळून उकळावे. उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच वापरावे, कारण पावडरमध्येही जंतू असू शकतात. आधी मापाने पाणी, मग डब्यातल्याच चमच्याने, सपाट करून, डब्यावर लिहिले आहे तितकेच चमचे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग भांडे थंड पाण्यात ठेवून कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून बघावे. बाळाने प्याल्यावर उरलेले ठेवून देऊ नये. दूध टाकायला जिवावर येते, मला ठाऊक आहे, पण दवाखाना त्याहून महाग पडतो. बाटलीच वापरायची असेल तर बुच आणि बाटली वेगळी करून, ब्रशने घासून, प्रत्येक वेळी दहा मिनिटे उकळावी. सहा महिन्यांच्या आत गाईचे, म्हशीचे, पिशवीचे दूध पाणी घालून देऊ नये.

जुलाब लागले तर अंगावरचे पाजणे बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावे. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. त्या कशा द्यायच्या ते विचारून घ्यावे आणि झिंक 14 दिवस पूर्ण द्यावे. टाळू खोल गेली, बाळ मलूल झाले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले तर घरी बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

हक्काचे दूध, हक्काची रजा

आता मुख्य मुद्दा. त्या सुनेला सोमवारी कामावर बोलावण्याचा ठेकेदाराला अधिकार तरी होता का?

नव्हता. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे, पगारी, अशी झाली. याच तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेले असले की हक्क लागू होतो. ठेकेदाराकडची बाई म्हणून तो हक्क जात नाही. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी मिळाली पाहिजे. जिथे 50 किंवा अधिक कामगार आहेत तिथे पाळणाघर हवे. रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणे हाच गुन्हा आहे.

26 आठवडे म्हणजे सहा महिने. फक्त आईचे दूध द्यायचे तेही सहा महिने. हिशोब बरोबर जुळतो की नाही पाहा!

हा हक्क आभाळातून पडलेला नाही. 1928 साली मुंबई कायदे मंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, याचा भार सरकारने उचलावा आणि स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. त्या सभागृहात बाबासाहेब बोलत होते तेव्हा राजरत्नाला जाऊन दोनच वर्षे झाली होती. माता रमाईने गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावली. लेकरू जाणे म्हणजे काय, हे त्या घराला पुस्तकातून कळलेले नव्हते.

आम्ही त्या सुनेच्या नावाने अर्ज लिहिला. बाळाच्या जन्माचा दाखला आणि हजेरीचे कार्ड जोडले, दोन प्रती काढल्या आणि मंडळाच्या चौघीजणी घेऊन गेलो. ठेकेदार आधी हसला. म्हणाला, "असले कायदे मोठ्या कंपनीत." मी म्हटले, "दादा, पोचपावतीवर सही करा, मग हसा." सही घेतली. आठ दिवसांनी निरोप आला की दीड महिना आणखी थांबली तरी चालेल, पण पगार मिळणार नाही. हे अर्धेच आहे. पुढच्या हक्कासाठी आणि पैशांसाठी कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार केली आहे. निकाल लागायचा आहे. लागेल तेव्हा याच सदरात कळवीन, जिंकलो तरी आणि हरलो तरी.

ज्या भगिनी घरकाम करतात किंवा सुट्या मजुरीवर जातात त्यांना ही रजा मिळत नाही, हे कटू सत्य आहे. त्यांनी निदान प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज अंगणवाडीत भरावा. पहिल्या बाळासाठी 5000 रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास 6000 रुपये मिळतात. बांधकामावर जाणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी, तिथे बाळंतपणाला मदत आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर रजेचा पैसा तिथून मिळतो. गरोदरपणातच कागद गोळा करावेत. बाळ झाल्यावर वेळ मिळत नाही.

आज

त्या मिळालेल्या दीड महिन्यात घरातल्यांनी सवय लावली. आता ती साडेचार महिन्यांच्या बाळाला ठेवून कामावर जाते. पहाटे उठून अंगावर पाजते, एक वाटी दूध काढून शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवते. रात्री काढलेली एक वाटी असतेच. दहा वाजता आजी देते, एक वाजता आजोबा. चार वाजता मोजून चमचे टाकलेले पावडरचे दूध. डबा आता चार दिवसांत नव्हे, तीन आठवडे जातो. कामावर जेवणाच्या सुट्टीत ती आडोशाला बसून दूध काढते. ते घरी आणण्याची सोय नाही म्हणून टाकावे लागते, तेव्हा तिला वाईट वाटते. पण काढले नाही तर आटेल आणि छाती भरून येईल, हे तिला कळले आहे. साडेसहाला घरी आली की हातपाय धुऊन आधी बाळाला घेते. सासूबाई म्हणतात, "चहा नंतर, आधी त्याचं बघ." आणि चहा त्याच करून देतात.

गेल्या पौर्णिमेला अंगणवाडीत बाळाचे वजन केले. काटा पुढे सरकला होता.

आपण रोज विहारात सर्व प्राण्यांच्या सुखाची कामना करतो. त्या सर्वांत सर्वात लहान जो प्राणी आहे, तो आपल्याच घरात झोळीत पडलेला आहे. त्याला वेळेवर, स्वच्छ, पुरेसे दूध मिळावे आणि त्याच्या आईला त्यासाठी रजा मिळावी, एवढे जरी आपल्या मंडळांनी आपापल्या वस्तीत पाहिले तरी पुष्कळ धम्मकार्य होईल. तुमच्या वस्तीत एखादी बाई अशी भिंतीला टेकून उभी दिसली तर सतरंजी बाजूला ठेवा आणि आधी तिला विचारा, काय झाले गं?

जयभीम!